मस्कतमध्ये नव्याने राहायला येताय? इथली रीतभात, टप्प्याटप्प्याने

मस्कतमध्ये नवखा माणूस काही चुकीचं वागला तर त्याला सहसा कुणी टोकत नाही. ओमानी माणूस आवाज चढवत नाही, चारचौघांत कुणाचा पाणउतारा करत नाही. तो हसून विषय बदलतो आणि पुढच्या वेळी जरा लांब राहतो. तोंडावर स्पष्ट बोलायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे गप्प होणं लक्षातच येत नाही. वर्षानुवर्षं इथे राहूनही एकाही ओमानी घराचा उंबरठा न ओलांडलेली मराठी माणसं मी पाहिली आहेत. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे शहर परक्याला जवळ करणारं आहे. कुणी टोकत नाही म्हणून आधीच माहीत असायला हव्यात अशा गोष्टी इथे लिहितो आहे. साधारण ज्या क्रमाने त्या तुमच्या वाट्याला येतील, त्याच क्रमाने.

आधी शहराविषयी थोडं. ओमानमध्ये इबादी पंथाचे मुस्लिम मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यासोबत सुन्नी आणि शियाही. एकाच मशिदीत ते शेजारी शेजारी उभे राहून नमाज पढतात. पंथावरून वाद घालणं इथे असभ्य मानतात, आणि पंथापंथांत तेढ लावणं हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘तुम्ही शिया की सुन्नी?’ हा प्रश्न कुणालाही विचारू नका. कुतूहल म्हणूनही नको.

दुसरं म्हणजे भारत इथे परका नाही. कच्छी भाटिया व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. त्यांच्यातल्या कनकसी खिमजी यांना तर ‘शेख’ ही पदवी मिळाली होती. 1970 पर्यंत ओमानात खाडी रुपया चालत असे, आणि तो भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेला होता. सुलतान तैमूर बिन फैसल यांनी 1932 मध्ये गादी सोडली. त्यांचं निधन 1965 मध्ये मुंबईत झालं. मुंबईला दवाखान्यासाठी किंवा व्यापारासाठी जाऊन आलेली माणसं अनेक ओमानी घरांत सापडतील. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की असंख्य ओमानींना हिंदी समजते. लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, टॅक्सीत शेजारच्या माणसाबद्दल हिंदीत काही बोलू नका. त्याला कळतं आहे, फक्त तो तसं दाखवणार नाही.

बॅग भरताना

कपड्यांची फार चिंता नको. खांदे आणि गुडघे झाकले जातील असे, अंगाला न चिकटणारे कपडे पुरुष-बायका दोघांनीही आणावेत. पंजाबी ड्रेस, कुर्ता, साडी सगळं चालतं. रुवी आणि दारसैतच्या रस्त्यांवर साडी, टिकली, मंगळसूत्र रोज दिसतं, कुणी वळूनही पाहत नाही. मात्र घरातली अर्धी चड्डी आणि बनियन घालून खाली दुकानात दूध आणायला जायची सवय असेल तर ती विमानात बसण्याआधी सोडा.

खाण्याच्या डब्यांकडे लक्ष द्या. खाडीतल्या अनेक देशांत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. कोरडी खसखस, खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेला घरचा मसाला यांतलं काहीही आणू नका. आईने कितीही प्रेमाने बांधून दिलं तरी नाही. गुटखा आणि चघळायची तंबाखूही नको. गुंगी आणणारी किंवा कोडीन असलेली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन यांशिवाय नेऊ नका, आणि मान्यता लागते का ते आधी विचारून घ्या. देव्हाऱ्यातली छोटी मूर्ती, पोथी, कुंकू-हळद घरच्या पूजेपुरतं आणायला हरकत नाही.

आता फोन. गावाकडचे, शाळेचे, सोसायटीचे व्हॉट्सॲप ग्रुप तुमच्याबरोबर येणारच. त्यांत धर्मावरून कुणाची टवाळी करणारे, राजकारणाचे, अफवांचे संदेश फिरतात. ओमानमध्ये बसून असं काही पुढे ढकलणं गंभीर आहे. धर्माचा अवमान आणि सुलतानांचा अवमान हे दोन्ही दंडसंहितेतले गुन्हे आहेत. ‘मी नुसतं फॉरवर्ड केलं’ हा बचाव चालत नाही. अशा ग्रुपमधून बाहेर पडा. नातेवाईक रुसले तर समजूत घालता येते, गेलेली नोकरी परत मिळत नाही. आणि धाकापलीकडेही बघा. ज्यांच्या गावात राहायला निघालात त्यांच्या श्रद्धेची चेष्टा खिशात घेऊन जाणं मुळातच वाईट.

पहिला आठवडा: घड्याळ जुळवून घ्या

सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवार हा कामाचा पहिला दिवस. मस्कतचं घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे, हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर रोज पहाटे फोन वाजेल.

दिवसाची विभागणी अजानवर होते: फज्र, दुहर, अस्र, मगरिब, इशा. वेळा सूर्याप्रमाणे सरकतात, म्हणून नमाजाच्या वेळा दाखवणारं एखादं ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा. तुम्हाला नमाज पढायची नसली तरी कामाचं वेळापत्रक त्यावरच लावावं लागेल. अजान सुरू झाली की गाडीतलं गाणं बंद करावं किंवा अगदी हळू करावं. कुणी मागायची वाट पाहू नका. नमाज पढणाऱ्याच्या समोरून आडवं जाऊ नका. जागा अरुंद असेल तर मागून जा किंवा दोन मिनिटं थांबा. दुकानदार ‘नमाज’ म्हणून निघून गेला तर त्याला घाई करू नका, तो येतो.

छोटी दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि चारनंतर उघडतात. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या वेळी शहर थांबतं. त्या वेळेत घरमालकाला किंवा साहेबांना फोन करू नये. शुक्रवारची दुपार घरच्यांसोबत जेवायची असते, त्यामुळे कामाचा फोन संध्याकाळीसुद्धा विचार करूनच करावा.

नमस्कार-चमत्कार

माझ्या मते या साऱ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. इथे कामाचं बोलणं पहिल्या वाक्यात येत नाही. आधी सलाम, मग विचारपूस, मग काम. सरकारी खिडकीपाशी असो, किराणा दुकानात असो, पोलिसाशी असो, क्रम बदलत नाही.

खोलीत शिरणाऱ्याने आधी ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणायचं. तुम्ही मुस्लिम नसलात तरी म्हणू शकता, लोकांना आवडतं. उत्तर ‘व अलैकुम अस्सलाम’. मग पुरुषाला ‘कैफ हालक’, बाईला ‘कैफ हालिक’, म्हणजे कसे आहात. उत्तर काहीही असलं तरी सुरुवात ‘अल्हम्दुलिल्लाह’ने होते. नंतर घरचे कसे आहेत, तब्येत कशी आहे, काय खबर, हे सगळं दोन्ही बाजूंनी विचारलं जातं, कधी कधी दोनदा. हा वेळ वाया जात नाही. समोरचा तुम्हाला पारखत असतो आणि तुमच्यासाठी जागा करत असतो. घाईने ‘माझं अमुक काम होतं’ म्हणणाऱ्याचं कामही होतं, पण खिडकीपलीकडचा माणूस नियमापुरतंच करतो.

घरच्यांची चौकशी ‘कुटुंब कसं आहे, मुलं कशी आहेत’ अशी मोघम करावी. पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला त्याच्या बायकोबद्दल थेट विचारू नये, तिचं नाव तर मुळीच विचारू नये. ‘वहिनी काय म्हणतायत’ हा आपल्याकडचा जिव्हाळा इथे आगाऊपणा ठरतो.

हस्तांदोलन उजव्या हाताने, हलकं आणि जरा जास्त वेळ. ओमानी पुरुष हात हातात धरून बोलत राहिला तर झटकून काढून घेऊ नका. पुरुषाने ओमानी बाईपुढे स्वतःहून हात करू नये. तिने केला तर मिळवावा, नाहीतर उजवा हात छातीवर ठेवून किंचित मान झुकवावी. मराठी बायकांनाही हेच लागू. समोरच्या पुरुषाने छातीवर हात ठेवला तर तो तुम्हाला मान देतो आहे, टाळत नाही.

नाव घेताना पहिलं नाव महत्त्वाचं. अहमद बिन सालिम अल हारथी यांना ‘मिस्टर अहमद’ म्हणतात, ‘मिस्टर हारथी’ सहसा नाही. घरोबा झाला की ‘अबू’ लावून थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात: अबू सालिम, अबू खालिद. आईला ‘उम्म’. पत्रात किंवा ईमेलमध्ये नावाआधी पुरुषाला ‘अल फादिल’ आणि बाईला ‘अल फादिला’ लिहिण्याची पद्धत आहे. ‘सय्यद’ हे राजघराण्यातल्यांसाठी, ‘शेख’ हे टोळीच्या किंवा गावाच्या प्रमुखांसाठी. उगाच कुणालाही शेख म्हणू नका.

रस्ता, टॅक्सी, बाल्कनी

नारिंगी-पांढऱ्या टॅक्सी ओमानी माणसंच चालवतात. ड्रायव्हरला ‘ए भाऊ’ थाटात हाक मारू नका. तो या देशाचा नागरिक आहे आणि बहुधा तुमच्यापेक्षा वयाने मोठा. एकट्या पुरुषाने पुढे त्याच्या शेजारी बसावं, बाईने मागे. भाडं मीटरने किंवा ॲपवर ठरलेलं नसेल तर बसण्याआधी विचारावं. सलाम झाल्यावर.

गाडी चालवणार असाल तर हात स्टिअरिंगवर आणि तोंड बंद. रस्त्यावर शिवी देणं किंवा हाताने अश्लील खूण करणं यावर पोलिसांत तक्रार होते, आणि ती गांभीर्याने घेतली जाते. हॉर्न अगदी गरजेलाच. अपवाद एकच: करक चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न दिला की पोऱ्या गाडीपाशी येतो. तो बहुतेक केरळचा किंवा बांगलादेशचा असतो. त्याच्याशी नीट बोला. धुळीने माखलेली गाडी फिरवण्यावरही दंड होऊ शकतो, म्हणून वाळूचं वादळ गेलं की आधी गाडी धुऊन घ्या.

आपल्या लोकांना सगळ्यात नवलाचं वाटतं ते बाल्कनीचं. रस्त्यावरून दिसतील असे कपडे वाळत घालायला मस्कत नगरपालिकेची मनाई आहे, दंडही होतो. कपडे गच्चीवर, आतल्या बाजूला किंवा आडोसा लावून वाळवा. घर बघायला जाल तेव्हाच घरमालकाला विचारा की वाळत कुठे घालायचं. रस्त्यावर थुंकण्यावर आणि कचरा टाकण्यावरही दंड आहे. हे शहर लोकांनी मनापासून नीटनेटकं ठेवलेलं आहे.

फोटो काढताना माणसं चौकटीत येणार असतील तर आधी विचारा. बायकांचे फोटो विचारूनही न काढलेले बरे. पोलीस, लष्कर आणि सरकारी इमारतींकडे कॅमेरा वळवू नका. मत्राहच्या समुद्रकाठी, सूकला म्हणजे जुन्या बाजाराला लागूनच, सूर अल लवातिया नावाची तटबंदीची जुनी वस्ती आहे. दरवाजा सुंदर आहे आणि आत डोकावायचा मोह होतो. पण ती लवाती समाजातल्या कुटुंबांची राहती वस्ती आहे. बोलावल्याशिवाय आत शिरू नये.

मत्राहच्या सूकमध्ये घासाघीस चालते, पण सावकाश आणि हसतमुखाने. वस्तूला नावं ठेवून भाव पाडणं इथे शोभत नाही. भाव ठरल्यावर न घेता निघून जाणं तर फारच वाईट दिसतं. पैशांबाबत एक लक्षात ठेवा: एका रियालचे हजार बैसा होतात आणि रियाल डॉलरपेक्षाही महाग आहे. ‘फक्त पाच रियाल’ म्हणताना जरा थांबा.

सुलतान काबूस भव्य मशीद बिगर-मुस्लिमांना बघता येते. शुक्रवार सोडून सकाळी 8 ते 11 ही तिची नेहमीची वेळ. निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या. 2001 मध्ये ती खुली झाली. मुख्य दालनातला एकसंध इराणी गालिचा 70 मीटर लांब आणि 60 मीटर रुंद आहे. बायकांनी केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकावेत. ओढणी घरूनच न्या. पुरुषांनी पूर्ण पँट घालावी. आत आवाज खालचा ठेवा आणि गालिच्यावर आडवं होऊन फोटो काढू नका.

कचेरीत

बैठक ठरवताना दुहर आणि अस्रची वेळ सोडून ठरवा. बैठकीत पहिला काही वेळ कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि गप्पांत जाईल, तो जाऊ द्या. ‘इन्शाल्लाह’ ऐकलं की आपले लोक चिडतात, याला होकार समजायचं की नकार म्हणून. बहुतेक वेळा तो होकारच असतो. खात्री हवी असेल तर दुसऱ्या दिवशी सौम्यपणे आठवण करा.

कनिष्ठ ओमानी सहकाऱ्याची चूक सगळ्यांसमोर दाखवू नका. हे मी ठासून सांगतो, कारण इथली मराठी माणसं बरेचदा अनुभवी पदांवर येतात, काम शिकवणं त्यांच्याकडे असतं आणि हाताखाली नुकतीच पदवी घेतलेली ओमानी मुलं असतात. ‘हे काय केलंस?’ असं चारजणांत म्हटलं की तो मुलगा तुमच्याकडून पुन्हा काही शिकणार नाही. दार लावून, चहा मागवून सांगा. आपल्या कानाला साधी वाटणारी पट्टीसुद्धा इथे चढा आवाज ठरते.

मेजावरचा कागद उचलताना एक काळजी घ्या. अरबी वर्तमानपत्रात अल्लाहचं नाव असू शकतं. त्यावर डबा ठेवून जेवणं, त्यात चप्पल गुंडाळणं हे समोरच्याच्या मनाला लागतं.

ओमानी घरी बोलावणं आलं तर

‘तफद्दल’, म्हणजे या, बसा, घ्या. हे आमंत्रण पुष्कळदा रिवाजापोटी दिलेलं असतं. वाटेत भेटलेल्याने म्हटलं तर एकदा आभार मानून नाही म्हणावं. पुन्हा पुन्हा आग्रह झाला, दिवस-वेळ सांगितली गेली, तर ते खरं बोलावणं, आणि ते नाकारू नये.

जाताना काहीतरी न्या. हंगामात हापूसची पेटी नेलीत तर घरभर आनंद होईल. मुंबईची मिठाई, काजूकतलीही चालेल. मद्य, मद्य घातलेला केक किंवा चॉकलेट, डुकराच्या चरबीचा अंश असलेलं काहीही नको. भेट यजमान तुमच्यासमोर उघडणार नाहीत. ती कोपऱ्यात ठेवली म्हणून आवडली नाही असं समजू नका.

दारात चपला काढा आणि दाराच्या समोर उभं न राहता जरा बाजूला उभे राहा, म्हणजे दार उघडताना आतलं घर दिसणार नाही. पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत बसतात, बायका आतल्या खोलीत. नवरा-बायको मिळून गेलात तरी वेगळे बसाल. मराठी बायकांना सुरुवातीला हे अवघड वाटतं, पण खरी गंमत आतल्या खोलीतच असते. मेंदी, मुलं, स्वयंपाक, कापडं, सगळ्या गप्पा तिकडे. मजलिसमध्ये आधीच बसलेल्या प्रत्येकाशी उजवीकडून सुरुवात करून हात मिळवा, एकालाही वगळू नका. वडीलधारं कुणी आत आलं तर उठून उभे राहा. मांडी घाला किंवा पाय दुमडून बसा, तळवा कुणाकडे वळू देऊ नका.

आधी फळं, खजूर आणि ओमानी हलवा येतो. हलवा चमच्याने किंवा उजव्या हाताच्या बोटांनी थोडासा घ्यायचा. मग कहवा: वेलची घातलेली, बिनसाखरेची, छोट्या बिनकानाच्या फिंजानमध्ये. पेला मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. उजव्या हाताने घ्या. रिकामा पेला पुढे केलात की तो पुन्हा भरला जाईल. पुरे झालं की पेला हातातच दोन-तीनदा हलवून परत द्यायचा. ही खूण माहीत नसेल तर वाढणारा मुलगा भरतच राहतो आणि तुम्ही पीतच राहता. एक पेला तरी घ्यावाच, पहिलाच नाकारला तर पाहुणचार नाकारल्यासारखं होतं.

जेवण जमिनीवर, एका मोठ्या थाळीभोवती. भात आणि वर मांस. उजव्या हाताने, आपल्यासमोरच्या भागातूनच जेवायचं. डावखुरे असाल तरी उजवाच हात. यजमान मांसाचे चांगले तुकडे तोडून तुमच्यापुढे सारतील, तो मान आहे. शाकाहारी असाल तर बोलावणं स्वीकारतानाच सांगा: मी ‘नबाती’ आहे, घरची रीत आहे, भात-भाजी मला पुरते. लाजू नका. थाळी समोर आल्यावर सांगितलं तर यजमानाला कानकोंडं होतं, आणि नाक मुरडलं तर सगळंच संपलं. आधी सांगितलंत तर तुमच्यासाठी डाळ, भाजी, कोशिंबीर वेगळी मांडलेली सापडेल. मी कुठल्याही ओमानी घरात या कारणाने कुणाचा मान कमी झालेला पाहिला नाही.

घरातल्या लहान मुलाचं कौतुक करताना ‘माशाल्लाह’ म्हणायला विसरू नका, नाहीतर दृष्ट लागेल असं आजीला वाटतं. घरातल्या वस्तूची फार स्तुती करू नका, यजमान ती वस्तूच तुमच्या हातात ठेवतील.

शेवटी धूपदाणी फिरते, तिला इथे मजमर म्हणतात. त्यात दक्षिण ओमानातल्या धोफारचा लोबान, ऊद किंवा बुखूर (सुगंधी धूपमिश्रण) असतो. आपल्याकडे न्हाऊ घातलेल्या बाळाला शेगडीवरच्या उदाची धुरी देतात, तशीच ही धुरी कपड्यांना आणि केसांना घ्यायची. पुरुष दाढीलाही घेतात. अरबीत म्हणच आहे: ‘मा बअद अल ऊद कुऊद’, उदानंतर बैठक नाही. धूप फिरला की आणखी न रेंगाळता निघावं. यजमान ‘बसा हो’ म्हणतीलच, तरीही निघावं. त्यानंतर तुमच्या घरी त्यांना बोलवायची पाळी तुमची. मांस हलाल दुकानातलंच असावं, आणि घरात मद्य असेल तर ते नजरेला पडू देऊ नका.

रमजान

रमजानच्या महिन्यात उजेड असेपर्यंत उघड्यावर खाणं, पिणं, सिगारेट ओढणं कायद्याने मना आहे, आणि तुरुंगवासाची तरतूदही आहे. पाण्याचा घोट आणि च्युइंगम यांतच आले. स्वतःच्या गाडीत बसून पिणंसुद्धा उघड्यावरच धरा. घरात, पडदा लावून, जेवायला काही हरकत नाही. कचेरीत बिगर-मुस्लिमांसाठी खोली ठरवलेली असते. ती कोणती हे महिना सुरू होण्याआधी विचारून ठेवा. डबा उघडल्यावर फोडणीचा वास मजलाभर जाणार नाही इतकं बघा. लहान मुलं, आजारी माणसं यांना सूट असते, पण मुलाला रस्त्यात भरवण्यापेक्षा आडोसा शोधावा. बहुतेक हॉटेलं इफ्तारपर्यंत बंद असतात.

मुस्लिम कर्मचाऱ्यांना दिवसाला सहा तासांचंच काम असतं. महत्त्वाच्या बैठका सकाळी उरका. मगरिबच्या अर्धा तास आधी रस्त्यावर शक्यतो असू नका. दिवसभराचे उपाशी लोक घराकडे निघालेले असतात, गाड्या भरधाव असतात. इफ्तारच्या वेळी सिग्नलला कुणी खजूर आणि पाणी गाडीत दिलं तर दोन्ही हसून घ्या.

इफ्तारला बोलावलं तर वेळेआधी पोचा, आणि अजान होईपर्यंत काहीही तोंडात टाकू नका. आधी खजूर आणि पाणी किंवा लबन (ताक), मग पुरुष नमाजाला उठतात, मग जेवण. त्यांच्या नमाजाच्या वेळी शांत बसून राहा. महिन्याच्या मध्यावर, चौदाव्या रात्री, करंकशोह असतो. मुलं नटून, गाणी म्हणत दारोदार येतात. गोळ्या-चॉकलेटं, सुका मेवा आणून ठेवा. दाराची बेल वाजली आणि तुमच्या घरातून मुलं रिकाम्या हाताने गेली तर वाईट दिसेल.

ईदला सकाळी पाहुणे येतात-जातात. ‘ईद मुबारक’ म्हणा. मुलांच्या हातात थोडे पैसे देतात, त्याला ईदिया म्हणतात. जमिनीत खड्ड्यात दीर्घकाळ शिजवलेला शुवा हा ईदचा खास पदार्थ आहे. मांसाहारी असाल आणि कुणी पाठवला तर भांडं रिकामं परत करू नका. ही रीत आपल्याला शिकवावी लागत नाही.

आपले सण, आपले देव

जुन्या मस्कतमध्ये अल आलम राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेवाचं मंदिर आहे, दारसैतला कृष्ण मंदिर आहे. महाशिवरात्रीला मोठी रांग असते. मंदिरात जाणं, घरी पूजा करणं यावर कुणाची हरकत नाही. सामूहिक प्रार्थना मात्र मान्यता असलेल्या जागीच करायची असते. इमारतीच्या तळमजल्यावर मांडव घालून, स्पीकर लावून आरती करता येत नाही. घरचा गणपती मात्र जरूर बसवा. आरती दार लावून, टाळ बेताने, रात्री उशिरा नको. विसर्जन घरीच बादलीत किंवा मंदिराने सांगितलं असेल त्या पद्धतीने. समुद्रावर मिरवत नेऊ नका. इंडियन सोशल क्लबमध्ये भाषावार मंडळं आहेत. तिथल्या मराठी मंडळींना आल्याबरोबर भेटा, त्या वर्षी काय आणि कुठे करायचं ठरलं आहे ते कळेल.

वर्गणी गोळा करू नका. परवानगीशिवाय पैसे जमवणं, मग ते मंदिरासाठी असोत, पूरग्रस्तांसाठी असोत किंवा मित्राच्या ऑपरेशनसाठी, कायद्याच्या कचाट्यात येतं. धर्मप्रसाराची पत्रकंही वाटू नयेत.

मद्य परवाना असलेल्या हॉटेलांत मिळतं, घरी न्यायचं तर परवाना लागतो. प्यायलेल्या अवस्थेत रस्त्यावर दिसू नये, आणि गाडीच्या चाकामागे तर कधीच नाही. नवरा-बायकोने रस्त्यात गळामिठी, चुंबन टाळावं. वाडीत पोहायला गेलात, म्हणजे डोंगरातल्या वाहत्या दरीत, तर टी-शर्ट आणि गुडघ्याखालची पँट घालूनच पाण्यात उतरा. गावाजवळ तसे फलकही असतात. गावातल्या फलजमध्ये, म्हणजे पाटाच्या पाण्यात, साबण लावू नका. तेच पाणी पुढे खजुराच्या बागांना जातं.

लग्न आणि मयत

लग्नाचं बोलावणं आलं तर पुरुषांचा आणि बायकांचा समारंभ वेगळा असतो, बहुधा वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या जागी. बायकांच्या समारंभात फोन पर्समध्येच ठेवा, एकही फोटो काढू नका. तिथे बायका अबाया काढून नटलेल्या असतात. तुमच्या फोनमधला एक फोटो बाहेर गेला तर एखाद्या घरात मोठं दुःख होईल.

सहकाऱ्याच्या घरी कुणी वारलं तर अझाला, म्हणजे सांत्वनाच्या बैठकीला, जरूर जा. तीन दिवस लोक येतात, पुरुष मशिदीशेजारच्या दालनात किंवा मजलिसमध्ये, बायका घरी. साधे, झाकलेले कपडे घाला. रांगेने सगळ्यांशी हात मिळवा, ‘अझ्झमल्लाहु अज्रकुम’ म्हणा, बसा, कहवा घ्या, थोड्या वेळाने उठा. फुलं, हार, पैसे काही नेऊ नका. मोठ्याने रडणं, गेलेल्याच्या आजाराची खोदून चौकशी करणं टाळा. परका असूनही तुम्ही आलात हे ती माणसं विसरत नाहीत.

चुकलं तर

ताबडतोब माफी मागा. पुरुषाने ‘आसिफ’ म्हणावं, बाईने ‘आसिफा’, आणि उजवा हात छातीवर. कारणं देत बसू नका. पोलिसांनी थांबवलं तर गाडीतच बसून काच खाली करा, सलाम करा, ओळखपत्र द्या. वाद घालू नका, पैसे देऊ करण्याचा तर विचारही नको. ओळखपत्र कायम खिशात ठेवा. आणीबाणीचा क्रमांक 9999, हा आजच फोनमध्ये साठवून ठेवा आणि घरातल्या मुलांनाही पाठ करायला लावा.